सुप्याच्या माळावर झाडे लावावीत का, आणि धनगरांना एका जागी वसवावे का?

खारघरच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दरवर्षी दिवाळीनंतर तळोज्याच्या बाजूला, त्यांच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत, धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचा फिरता तळ, मेंढरे घेऊन उतरतो. यंदा त्यांनी त्यातील एका वयस्कर धनगराशी बोलणे काढले. गावाकडे, बारामती तालुक्यातील सुप्याच्या माळावर, लांडगे कोकरे नेतात, चरायला जागा उरलेली नाही आणि मुलांना आता हे काम नको आहे, असे त्या बाबांनी सांगितले. या गृहस्थांच्या महापे येथील कंपनीकडे सामाजिक कामासाठी थोडा निधी आहे. त्यातून त्या माळावर दहा हजार झाडे लावली तर लांडग्यांना जंगल मिळेल आणि धनगरांना पक्की शेड बांधून दिली तर त्यांची वणवण थांबेल, असा त्यांचा विचार आहे. कोणती झाडे लावावीत आणि शेड कशी असावी, असे त्यांनी विचारले आहे.

मी पशुवैद्य आहे. राहायला कळव्यात असलो तरी गेली चोवीस वर्षे माझे बरेचसे काम धनगरांच्या कळपांमध्ये चालते. हिवाळ्यात मुरबाड, कल्याण, पनवेल या भागात आणि पावसाळ्यात घाटावर. त्या अनुभवावरून पहिल्या भागाचे उत्तर मी ठामपणे देऊ शकतो: त्या माळावर झाडे लावू नयेत. दुसऱ्या भागाचे उत्तर कुटुंबागणिक वेगळे असते, म्हणून त्याकडे सावकाश येतो. आपला हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या दोन्ही कल्पनांच्या मुळाशी एकच समजूत आहे. माळ म्हणजे जंगल व्हायची राहून गेलेली जमीन आणि भटकंती म्हणजे घर न मिळाल्याची अडचण, असे आपण धरून चालला आहात. ही समजूत आपली एकट्याची नाही. इंग्रजी अमलात ज्या जमिनीतून शेतसारा मिळत नसे ती महसुली दप्तरात पडीक म्हणून लिहिली गेली, आणि केंद्र शासनाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात गवताळ व झुडपी जमिनी आजही त्याच सदरात मोजल्या जातात. कागदावर जी जमीन पडीक, ती कोणत्याही कामाला मोकळी समजली जाते: कारखान्याला, सौर पॅनेलला, प्लॉटिंगला, आणि तितक्याच सहजपणे वृक्षारोपणाला.

सुपे, इंदापूर, करमाळा, माण हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा, आणि वीतभर मातीखाली मुरूम. अशा जमिनीवर निसर्गाने जे उभे केले आहे ते गवत आहे: कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा. मधूनच एखादे हिवर, बोर किंवा बाभूळ दिसते, पण एकमेकांपासून लांब लांब. या गवतांना भरपूर ऊन लागते आणि त्यांचा जीव जमिनीखालच्या मुळांत असतो. वरचे पाते वाळले, मेंढराने खाल्ले, तरी पहिल्या वळवाबरोबर ती पुन्हा फुटतात. झाडे दाट लावली की सावलीत हे गवत मरते. त्याआधीच खड्डे आणि सलग समतल चर खणताना वरचा पातळ थर उलटा होतो आणि खालचा मुरूम वर येतो, तो पुढे कित्येक वर्षे गवत धरत नाही.

पुरंदर तालुक्यात असा एक माळ माझ्या डोळ्यांदेखत बदलला. एका कंपनीने तेथे झाडे लावली, तीन उन्हाळे टँकरने पाणी घातले आणि भोवती तारेचे कुंपण केले. पाच वर्षांनी तेथे बहुतेक गिरिपुष्प आणि सुबाभूळ तेवढे उरले होते, खाली उघडा मुरूम होता आणि पूर्वी हमखास दिसणारी, उघड्या माळावर राहणाऱ्या धाविक पक्ष्यांची जोडी मला पुन्हा कधी दिसली नाही. त्या माळावर पावसाळ्यात चार वाडे चरत असत. ते चारही शेजारच्या गावच्या गायरानात शिरले. तेथे आधीच तीन वाडे होते. एरवी होळीपर्यंत पुरणारे गवत त्या वर्षी दिवाळीच्या आत संपले, आणि गावकऱ्यांशी भांडण झाले ते वेगळेच.

आता लांडग्याकडे वळतो. लांडग्याला जंगल हवे, ही समजूत आपल्याकडे गोष्टींमधून आलेली असावी. दख्खनचा लांडगा उघड्या माळाचा प्राणी आहे. त्याला लांबवर दिसावे लागते, लांबवर पळता यावे लागते, आणि त्याचे मूळ भक्ष्य असलेले काळवीट, चिंकारा आणि ससा हेही गवतावरच राहतात. एका टोळीला फिरायला दीडशे-दोनशे चौरस किलोमीटर मुलूख लागतो. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतजवळचे रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचे. यावरून आपल्या लक्षात येईल की एवढ्याशा अभयारण्यात लांडग्यांची टोळी मावूच शकत नाही. तो गायरानात, पडीत, वनखात्याच्या तुकड्यात आणि शेतांच्या बांधांवर राहतो, म्हणजे जेथे धनगर राहतो तेथेच. देशभरात या लांडग्यांची संख्या ३,००० च्या आसपास धरली जाते. २०२२ च्या गणनेत वाघांचा अंदाज ३,६८२ होता. जनुकीय अभ्यासानुसार हा जगातील लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशांपैकी एक आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला वाघाच्याच बरोबरीने पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. तरीही त्याच्यासाठी म्हणून राखलेली जमीन जवळजवळ नाही.

काळवीट आणि चिंकारा कमी झाल्यावर लांडग्याचे पोट मोठ्या प्रमाणात शेळ्या-मेंढ्यांवर आले. येथे धनगर आणि लांडगा एकमेकांचे वैरी आहेत असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात ते नाते अधिक गुंतागुंतीचे आहे. माझ्या उमेदीच्या काळात एका पहाटे फलटणजवळच्या वाड्यावर लांडग्याने कोकरू नेले तेव्हा मी तेथेच मुक्कामाला होतो. कुत्री भुंकली, बाया उठल्या, आरडाओरडा झाला, आणि दहा मिनिटांत सगळे शांत झाले. वाड्याचे म्होरके आजोबा घोंगडे सावरत मला म्हणाले, "त्याचा बी वाटा हाय, डाक्टर. पर समदं त्यानंच न्यावं, असं न्हाई." त्यांचा मुलगा मात्र गप्प होता. सकाळी दूध काढताना त्याने मला विचारले की मेंढरे त्याने कर्ज काढून घेतली आहेत, तर लांडग्याचा वाटा कर्जात कोणी धरायचा? त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हते. बापाजवळ शेकडो मेंढरे होती आणि माळ मोकळा होता, म्हणून एक कोकरू गेल्याने त्याचे काही अडत नव्हते. मुलाजवळ साठ मेंढरे आहेत आणि प्रत्येक जित्राब मोजलेले आहे. लांडग्याला सांभाळून घेण्याची धनगरांची वृत्ती टिकते ती गाठीशी पुरेसे असेल तोवरच, हे आपल्यासारख्या शहरातील माणसांनी विसरू नये.

नुकसानभरपाईची तरतूद राज्यात आहे. लांडग्याने मारलेल्या मेंढीचे पैसे मिळू शकतात. त्यासाठी ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावे लागते, मृत जनावर जागेवरून हलवायचे नसते आणि पंचनामा व्हावा लागतो. गावात घर असलेल्याला हे जमते. पण वाडा एका शेतात दोन-तीन रात्रींच्या बोलीवर बसलेला असतो, पुढच्या शेतकऱ्याला शब्द दिलेला असतो, आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत बिऱ्हाड घोड्यावर चढलेले असते. माझ्या पाहण्यातील बहुतेक धनगर अर्जच करत नाहीत.

यातील आणखी एक बाब मला नेहमी अस्वस्थ करते. काही वर्षांपूर्वी इंदापूर भागात एका रात्रीत सात मेंढ्या मेल्या आणि मला शवविच्छेदनाला बोलावले. अशा वेळी मी प्रथम मानेवरचे आणि मांडीवरचे कातडे सोलून पाहतो. कातड्याखाली रक्त साकळलेले असेल तर चावा जिवंतपणी बसलेला असतो. ते नसेल तर जनावर आधी मेले आणि नंतर कोणीतरी कुरतडले. सुळ्यांमधील अंतरावरून लांडगा की कुत्रा हे खात्रीने ठरत नाही, कारण मोठ्या कुत्र्याचा जबडा लांडग्याएवढा असू शकतो. पण एकंदर रीत बरेच सांगते. लांडगा सहसा एखादे जनावर गळ्याला धरून मारतो आणि उचलून किंवा ओढून नेतो. त्या सातांपैकी एकही खाल्लेले नव्हते, सगळ्यांच्या मांड्या आणि शेपटाखालचा भाग फाटलेला होता, आणि आणखी चार मेंढ्या जखमी होऊन उभ्या होत्या. वाघरीत, म्हणजे रात्री कळपाभोवती लावतात त्या जाळीत, अडकलेल्या मेंढरांवर लांडगाही कधी कधी अशी कत्तल करतो, हे खरे आहे. पण त्या ठिकाणी ओल्या मातीत पाच-सहा कुत्र्यांचे लहान-मोठे ठसे होते. मी अहवालात कुत्री असे लिहिले. कुत्र्यांनी मारलेल्या मेंढीला भरपाई नाही. त्या कुटुंबाला एक रुपयाही मिळाला नाही, आणि मला त्यांच्या चुलीपाशी बसून चहा घ्यावा लागला. तेव्हापासून "लांडग्याने मारले" या तक्रारी इतक्या का येतात, हे मी वेगळ्या नजरेने पाहतो.

ही कुत्री माळावर आली कोठून, याचे उत्तर आपल्या आधुनिक व्यवस्थेत आहे. महामार्गावरील धाब्यांचे उकिरडे, वाढत्या गावांचा कचरा आणि कुक्कुटपालन केंद्रांतून माळावर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या यांवर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्याच ढिगांवर लांडगेही येतात. तेथून पिसाळ रोग आणि कुत्र्यांतील डिस्टेंपर लांडग्यांत शिरतो, आणि पुणे जिल्ह्यात तर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे. माझ्या मते आज लांडग्याला काठीपेक्षा या ढिगांचा धोका मोठा आहे.

ओघाने एक खुलासा करतो. सोसायटीच्या कॅमेऱ्यात लांडगा दिसल्याचे आपण लिहिले आहे. तो सोनेरी कोल्हा असणार. नवी मुंबई आणि ठाण्याच्या खाडीकाठी, खारफुटीच्या आसऱ्याने कोल्हे टिकून आहेत; कोकणच्या या पट्ट्यात लांडगा सहसा येत नाही. कोल्हा अंगाने लहान, पायाने आखूड आणि शेपटीने झुबकेदार असतो. त्याला खायला घालू नये, एवढे सोसायटीत सर्वांना सांगावे.

आता भटकंती थांबवण्याबद्दल. आपण ज्याला वणवण म्हणता, ते एक बारकाईने बसवलेले वर्षाचे वेळापत्रक आहे. दख्खनी मेंढी कोरड्या हवेची. कोकणच्या पावसात तिचे खूर कुजतात, म्हणून पावसाळ्यात तिला घाटावर, माळावर राहावे लागते. माळावरचे गवत आणि खरिपाचा पालापाचोळा संपत आला की दिवाळीनंतर वाडे माळशेज घाटाने मुरबाड-कल्याणकडे किंवा बोरघाटाने खोपोली-पनवेलकडे उतरतात. तेथे भातकापणी झालेली असते. शेतकरी आपल्या खाचरात रात्री मेंढरे बसवून घेतो, शेताला लेंडीखत आणि मूत मिळते, धनगराला भात किंवा रोख पैसे मिळतात. होळीनंतर वाडे हळूहळू घाटाकडे सरकू लागतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा माळावर असतात. तोपर्यंत माळाला सहा-सात महिन्यांची उसंत मिळालेली असते.

या वेळापत्रकाची दोन टोके आहेत आणि एक टोक आपल्या खिडकीखाली आहे. मी काम सुरू केले तेव्हा शीळफाट्यापासून तळोज्यापर्यंत भाताची खाचरे होती आणि एका हिवाळ्यात मी तेथे पंधरा-वीस वाड्यांना लसी टोचल्या आहेत. आज त्या खाचरांत भराव पडला, गोदामे आणि इमारती उभ्या राहिल्या, भिवंडीकडेही तेच झाले. मेंढरे रात्री रस्त्याच्या कडेने चालवावी लागतात आणि ट्रकखाली सापडतात. कोकणातील खाचर गेले की वाडा हिवाळ्यातही घाटावरच थांबतो. माळाची उसंत जाते, गवताला फुटायला वाव मिळत नाही, आणि लांडग्यांच्या विणीच्या हंगामात कळप त्यांच्या गुहांजवळच राहतात. त्या बाबांनी सांगितलेली चराईची टंचाई आणि लांडग्यांचा त्रास, या दोन्हींची मुळे अशी आपल्या परिसरापर्यंत पोहोचतात.

फिरत्या लोकांना एका जागी बसवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग बहुधा चीनच्या इनर मंगोलियात झाला. तेथे १९८० च्या दशकात जनावरे आणि त्यानंतर कुरणे कुटुंबांना वाटून देण्यात आली. तारांची कुंपणे आली, वर्षभर त्याच तुकड्यावर चराई होऊ लागली, आणि कुरणांची अवनती पुढे इतकी वाढली की अनेक पशुपालकांना पुन्हा तेथूनही हलवावे लागले. तेथील लांडगे तर त्याआधीच मोहिमा काढून मारले गेले होते. आपला माळ आणि तेथील गवताळ प्रदेश यांत फरक पुष्कळ आहे; पण कोरड्या मुलखातील गवत विश्रांतीवर जगते, ही बाब दोन्हीकडे सारखी आहे.

तरीही धनगरांनी फिरतच राहावे, असे मी म्हणणार नाही. तो निर्णय माझा नाही. मुलांची शाळा, बाळंतपण, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, या सगळ्यांत फिरत्या संसाराची ओढाताण मी जवळून पाहिली आहे. अनेक घरांत आता एक भाऊ मेंढरांबरोबर जातो आणि दुसरा मुलांना घेऊन गावी राहतो. एखाद्या कुटुंबाला स्वतःहून थांबायचे असेल, त्यांच्याजवळ पाण्याची सोय असलेली थोडी जमीन असेल, तर शेड अवश्य द्यावी, पण मग वीस-पंचवीस शेळ्यांचा हिशोब मांडावा. दोनशे दख्खनी मेंढ्या शेडमध्ये बांधल्या तर चारा विकत घेऊनच ते कुटुंब बुडते, दाटीत जंत आणि फुप्फुसाचे आजार वाढतात, आणि बांधलेली शेड दोन वर्षांत कडबा ठेवायला वापरली जाते. अशा तीन शेड मी पाहिल्या आहेत.

आपला निधी कशाला लागावा, हे आता सांगतो. सर्वांत आधी त्या माळाचा सातबारा पाहावा. गायरान, वनखात्याची जमीन आणि खासगी पड या तिन्ही ठिकाणी काय करता येते ते अगदी वेगळे आहे. जेथे जुन्या झाडांचे बुंधे दिसतात अशा ओढ्याच्या घळीत किंवा डोंगरउतारावर स्थानिक झाडे लावायला हरकत नाही. उघड्या माळावर लावायचेच असेल तर पवन्या आणि मारवेलचे बी, तेही वनखाते किंवा ग्रामपंचायत सोबत असेल तर. मोकाट कुत्र्यांचे आणि धनगरांच्या राखणीच्या कुत्र्यांचे लसीकरण हे मला सर्वांत निकडीचे वाटते, कारण त्याचा उपयोग मेंढराला, लांडग्याला आणि माणसाला एकाच वेळी होतो. मेंढ्यांना पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यांत विष तयार होण्याच्या रोगाची) लस आणि वेळच्या वेळी पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस मिळाली तर लांडगा नेतो त्यापेक्षा कितीतरी अधिक जनावरे वाचतात; माझ्या नोंदींत दरवर्षी रोगाने मेलेली मेंढरे लांडग्याने नेलेल्यांहून जास्तच असतात. वाघर उंच आणि घट्ट विणीची करून दिली आणि कोकरांना आत वेगळी वाघर असली तर रात्रीची हानी कमी होते. लांडग्यांची पिल्ले साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जन्मतात. त्या महिन्यांत ओढ्याकाठच्या गुहांच्या आसपास जेसीबी चालू नये, एवढे गावाकडून कबूल करून घेता आले तरी पुष्कळ झाले. आणि तालुक्याच्या ठिकाणी एक होतकरू तरुण पगारावर ठेवता आला, जो निरोप मिळताच वाड्यावर पोहोचेल, फोटो काढेल आणि पंचनाम्याचा अर्ज भरेल, तर त्या साठ मेंढरांच्या मुलाला मी प्रथमच काही उत्तर देऊ शकेन.

यापैकी काहीही ठरवण्याआधी, वाडा आपल्याकडे आहे तोवर, एखाद्या संध्याकाळी वाघर लावायच्या वेळी तेथे जाऊन बसा. मेंढरे आत घेऊन झाली की बाबांना जरा मोकळा वेळ असतो. गेल्या दहा वर्षांत कोणते माळ बंद झाले, कोणत्या वाटा अडल्या आणि कोणत्या गावची खाचरे गेली, हे त्यांना विचारून नावे लिहून घ्या. सुप्यापासून तळोज्यापर्यंतचे मुक्काम त्यांना क्रमाने तोंडपाठ असतील. घरातील बायकांनाही विचारा, कारण कोठे पाणी मिळते आणि कोठे हाकलतात हे त्यांना अधिक नेमके ठाऊक असते. ती यादी मला पाठवलीत तर पुणे जिल्ह्यातील जमिनींचे सातबारे मी काढून देतो, आणि होळीच्या आत आपण दोघे एकदा सुप्याला जाऊन येऊ.